सर्व्हिस सोमवारीही असते!

'सर्व्हिस' हा आपल्या मराठीतला एक भारी शब्द आहे. लग्नाच्या बाजारात 'मुलगा सर्व्हिसला आहे' म्हटलं की अर्धं काम फत्ते. बाइक सर्व्हिसिंगला टाकली की महिन्याचं बजेट कोसळतं. आणि माझी रूममेट दर रविवारी सकाळी, मी पांघरुणात असताना, दारातून ओरडते, "मी सर्व्हिसला चाललेय गं, दूध तापव!" सुरुवातीला मला तिची दया यायची. बिचारीला रविवारीसुद्धा ऑफिस! मग कळलं, चर्चमधल्या उपासनेलाही सर्व्हिसच म्हणतात.

ही मूळची नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं!). चौथ्या पिढीची मराठी ख्रिश्चन. आडनाव एकदम देशावरचं, पोह्यांवर शेव लागतेच, त्यामुळे तिला आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे, "अय्या, वाटत नाहीस!" तिच्या चर्चच्या गप्पांमध्ये पाळकसाहेब असतात आणि 'मंडळी' असते. मंडळी म्हणजे चर्चला जमणारी सगळी माणसं. आपण भाषणात म्हणतो ना, 'तर मंडळी...' तशीच, फक्त पक्की.

एकदा मी तिला सहज छेडलं. "आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास. त्यातले दोन देवाला. उरलेल्या एकशे सहासष्ट तासांचं काय?" ती हसली आणि म्हणाली, "परीक्षा त्याच तासांची असते." मला वाटलं, टाकला डायलॉग. पण मग आम्ही ब्राह्मणपुरीला गेलो.

ब्राह्मणपुरी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं माझ्या मावशीचं गाव. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी चालू होती. लाँग वीकएंड मिळाला म्हणून दोघी पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने शहाद्याला उतरलो. रविवार उजाडला आणि माझ्या लक्षात आलं, अरे, हिची सर्व्हिस बुडाली! मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "अगं, चालतं." चहाच्या आधी ओढणी डोक्यावर घेऊन तिने दोन मिनिटं डोळे मिटले आणि मग मावशीबरोबर वालाच्या शेंगा निवडायला बसली. मावशी म्हणत राहिली, "राहू दे बाई, तू पाहुनी शे ना!" हिने काही ऐकलं नाही.

संध्याकाळी वेचणीच्या बाया अंगणात गाठोडी घेऊन आल्या. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे सगळ्यांचे डोळे काट्याकडे. दिवसभर उन्हात राबलेल्या. त्यातल्या एका आजीने पाणी मागितलं. आता मावशीच्या ओट्याच्या कोपऱ्यात, कट्ट्यावर, एक स्टीलचा ग्लास असतो. कायम उपडा. तो मजुरांचा. मी लहानपणापासून तो बघत आलेय. आमच्यापैकी कुणी कधी त्यातून पाणी प्यायलं नाही आणि का प्यायलं नाही, हे कुणी कधी विचारलंही नाही. माठ जसा तिथे असतो, तसा तो ग्लासही तिथे असतो.

रूममेटला हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. ती आत गेली, मांडणीवरचे दोन ग्लास घेतले, माठातून भरले, एक आजींना दिला आणि दुसरा घेऊन त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकली. आजी जरा घुटमळल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या ग्लासकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. तेव्हा हिच्या लक्षात आलं. ती उठली, कोपऱ्यातला ग्लासही उचलला, तिन्ही ग्लास एकत्र घासले आणि मांडणीवर ओळीने पालथे घातले. पहिली दोन मिनिटं तिला काही माहीत नव्हतं, हे मान्य. पण पुढचं तिने समजून-उमजून केलं. भाषण नाही, डोळे वटारणं नाही. मावशी काहीच बोलली नाही. मीही नाही. मी तर मोबाइलमध्ये डोकं घातलं!

रात्री गच्चीवर मी विषय काढला. "तुझी आजची सर्व्हिस झाली म्हणायची!" ती म्हणाली, "चेष्टा करू नकोस, पण तसंच आहे." आणि तिने मला योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सांगितली. चौथा अध्याय. भर दुपारी येशू दमून एका विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. ती उडतेच! कारण यहुदी लोक शोमरोन्यांचं भांडं वापरत नसत. इथे हा यहुदी गुरू शोमरोनी बाईच्या हातचं पाणी मागतोय. बोलता बोलता ती त्याला त्या काळचा मोठा वादाचा प्रश्न विचारते. देवाची उपासना नेमकी कुठे करायची? आमच्या डोंगरावर, की तुमच्या यरुशलेममध्ये? आणि तो सांगतो, अशी वेळ येतेय की इथेही नाही आणि तिथेही नाही. खरी उपासना जागेवर अवलंबून नसते, ती आत्म्याने आणि खरेपणाने करायची असते.

"बघ ना," रूममेट म्हणाली, "उपासना कुठे करायची, या प्रश्नाचं उत्तर त्याने मंदिरात बसून नाही दिलं. जिथे भांड्याचा विटाळ मोडला, तिथे दिलं."

मी गप्प. खरं सांगते, मला त्या क्षणी तो ग्लासच दिसत होता.

पुण्याला परतल्यावर मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढली. शाळेत त्यातला धडा होता तेव्हा फक्त हसायला यायचं. आता वेगळंच दिसलं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली, मग एकत्र आल्या तरी सोवळं चालूच होतं. पण हळूहळू त्यांच्या मनातला जातीचा पीळ सुटत गेला आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा! म्हणजे चर्चचा उंबरा ओलांडायच्या आधीच उपासना त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती.

पुण्याहून दौंडकडे लोकलने जाणाऱ्यांना केडगाव स्टेशन माहीत असेल. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ चा दुष्काळ, मग १९०० चा. रमाबाई दुष्काळी भागांतून उपाशी मुली आणि विधवा यांना आणत राहिल्या. या बायका तिथे नुसत्या प्रार्थना करत बसल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई, सगळं शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून छापलं गेलं. ज्यांना जगाने टाकून दिलं होतं, त्याच बायका धर्मग्रंथाचे खिळे जुळवत होत्या. ही सर्व्हिस नाही तर काय?

आणि फार लांब कशाला, आमच्या नंदुरबार जिल्ह्यातच नवापूर तालुक्यात चिंचपाडा आहे. सुरत-भुसावळ लाइनवरचं छोटंसं स्टेशन. तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल स्वातंत्र्याच्या आधीपासून आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या पेशंटना तपासतंय. सर्पदंश, टीबी, अडलेली बाळंतपणं, सिकलसेल. या भागातल्या सिकलसेलबद्दल आपण पेपरात दोन ओळी वाचतो आणि पान उलटतो. मोठ्या शहरातली प्रॅक्टिस सोडून कुणीतरी तिथे रात्री अडीचला उठतं, तेव्हा त्या उठण्याला काय नाव द्यायचं?

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात? २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांचं 'सुबोध बायबल' आहेच. पण वसईकरांना ते जास्त लक्षात आहेत ते हरित वसईच्या लढ्यासाठी. बिल्डर वाड्या गिळत होते, टँकरवाले विहिरी उपसत होते, दहशत होती. तेव्हा हा धर्मगुरू अल्टरवरून उतरून लोकांबरोबर रस्त्यावर आला. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. वसईतल्या केळीच्या वाड्यांचा आणि विहिरींच्या पाण्याचा प्रश्न हा देवाचाही प्रश्न आहे, हे त्यांनी जगून दाखवलं.

आता कुणी म्हणेल, हे आमच्याकडे पूर्वीपासून आहे. बरोबर! सावता माळ्यांना मळ्यातच विठोबा भेटला होता. हिब्रूत तर काम आणि उपासना या दोन्हींना एकच शब्द आहे, 'अवोदा'. आपल्या 'सर्व्हिस'सारखाच! आणि हेही सांगायला हवं, की ख्रिस्ती झालं म्हणून जात आपोआप गळून पडते असं अजिबात नाही. "आमच्या चर्चमध्येही लग्न ठरवताना लोक हळूच विचारतात, मूळचे कुठले?" हे मला रूममेटनेच सांगितलंय. म्हणजे ग्लास सगळीकडे आहेत. फक्त कोपरे वेगळे.

इथे एक धोका आहे बरं का. 'वर्क इज वर्शिप' अशी पोस्टरं आपल्या ऑफिसात मुबलक असतात. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ एवढाच, की शनिवारीही या! पण बायबलच्या दहा आज्ञांमध्ये आठवड्यातून एक दिवस विसावा घ्या, अशीही आज्ञा आहे. स्वतः तर घ्याच, पण नोकर-चाकरांना आणि बैलालासुद्धा द्या. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. तीही नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले म्हणून. तेव्हा ऑफिसातली उपासना म्हणजे जास्त तास नव्हेत. ज्युनियरचा रविवार न खाणं, हीसुद्धा उपासनाच!

आणि ऑफिसात उपासना म्हणजे ऑफिसात प्रवचन तर मुळीच नाही. तीन वर्षं आम्ही एकत्र राहतोय, रूममेट मला एकदाही 'चर्चला चल' म्हणालेली नाही. नाताळचा केक आणि करंज्या तेवढ्या खाऊ घातल्या. तिच्या टीममध्ये टॅक्सीची बिलं थोडी फुगवून लावायची पद्धत आहे. सगळेच लावतात. ही लावत नाही. त्यामुळे बाकीच्यांची बिलं उठून दिसतात आणि लंचला हिच्याशेजारची खुर्ची रिकामी राहते. ती कुणाची तक्रार करत नाही, कुणाला शिकवतही नाही. पण तिला त्रास होतो, हे मी पाहिलंय. रविवारची उपासना फुकट असते. सोमवारची मात्र खिशातून जाते.

तुम्हाला उत्सुकता असेल, ब्राह्मणपुरीच्या त्या ग्लासचं काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा कट्ट्यावर होता. उपडा. मावशीनेच ठेवला असणार. सिनेमासारखं एका रात्रीत काही बदलत नाही. मी फोनवर विषय काढला, तेव्हा मावशी म्हणाली, "इतकी वर्षं तसंच चालत आलं ना गं." मग थोडं थांबून तिने विचारलं, "तुझी मैत्रीण परत कधी येतेय?"

पण मावशीला नावं ठेवण्याआधी मी आमच्याच किचनमध्ये डोकावले. सिंकच्या वर, डाव्या हाताला, कान तुटलेला एक कप. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा. तो मीच ठेवलेला, रूममेट राहायला यायच्या आधीपासून. ती स्वतःच्या मगातून ताईंना चहा द्यायची आणि मला वाटायचं, हिला कप सापडत नसेल! मी पत्रकार, सावित्रीबाईंवर लेख लिहिणारी, आणि माझ्या घरात हा कप. ग्लास गावात असतो आणि आपण शहरात असतो, हा आपला केवढा मोठा गैरसमज!

त्या सोमवारी मी तो कप कचऱ्यात टाकला. ताई आल्यावर तीन सारखे मग काढले आणि चहा ओतला. ताईंनी विचारलं, "माझा कप फुटला का?" मी म्हटलं, "हो." खरं कारण सांगायची लाज वाटली. अजून सांगितलेलं नाही.

तर मंडळी, तुम्ही चर्चला जात असाल, देवळात जात असाल, दर्ग्यात जात असाल किंवा कुठेच जात नसाल. उद्या सकाळी चहा टाकायच्या आधी एकदा आपल्या किचनचा तो कोपरा बघून घ्या.