रेडिएटरची हवा
इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला गेलेल्या मराठी माणसाला थंडीची तयारी म्हणजे रजयांना ऊन दाखवणं, एवढंच वाटत असतं. तिथलं खरं काम असतं सप्टेंबरात, हीटिंगची गरज नसताना. बॉयलर थोडा वेळ लावायचा आणि घरभर हिंडून प्रत्येक रेडिएटरवरून हात फिरवायचा. खाली गरम, वर गार लागला तर आत हवा अडकली आहे. मग हीटिंग बंद करायचं, रेडिएटर निवू द्यायचा, वरच्या टोकाच्या झडपेखाली फडकं धरायचं आणि छोटीशी किल्ली हलकेच उलटी फिरवायची. कुकरची वाफ सोडावी तशी हवा फुस्स करत निघते. पाण्याचा थेंब दिसला की झडप बंद. (हे पाणी बरेचदा काळं असतं. फिक्या गालिच्यावर सांडलं, तर घरमालकाशी बोलणं अवघड होतं.) हवा गेली की दाबही उतरतो, म्हणून बॉयलरचा काटा पाहायचा, यंत्रणा गार असताना तो साधारण १ ते १.५ बारवर हवा. उलट, रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल, तर तळाशी गंजाचा गाळ बसलाय. तिथे किल्ली निरुपयोगी, प्लंबरच बोलवा. आणि गॅस बॉयलर उघडायची हौस नको. त्याला ‘गॅस सेफ’ नोंदणीचाच माणूस लागतो. भाड्याच्या घरात गॅसच्या उपकरणांची वार्षिक तपासणी कायद्यानं घरमालकाच्या गळ्यात आहे. तेव्हा संकोच न करता त्याला आत्ताच फोन लावा, कारण पहिली थंडी पडली की सगळं गाव त्या ‘गॅस सेफ’वाल्यालाच बोलावत असतं.