खाली दवाखाना, वर घर

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळले आणि मुंबईतील मृत्युपत्रांना न्यायालयातून प्रोबेट घेण्याची सक्ती संपली. स्वागतार्ह निर्णय. मात्र तालुक्याच्या गावी ही सक्ती एरवीही सहसा लागू नव्हती. तेथील डॉक्टर-कुटुंबांची अडचण वेगळी आहे. प्रोबेट लागो वा न लागो, मुळात मृत्युपत्र असावे लागते. आणि इतरांच्या मृत्युपत्राला जोडण्यासाठी मानसिक सुस्थितीचा दाखला देणारे डॉक्टर स्वतःचे मृत्युपत्र करायचे विसरतात.

अशा गावातील इमारत डोळ्यांसमोर आणावी. तळमजल्यावर तपासणीची खोली, पहिल्या मजल्यावर दहा-बारा खाटा, दुसऱ्यावर कुटुंब, रस्त्याकडेच्या गाळ्यात औषधांचे दुकान. मिळकत पत्रिकेवर हे सारे एक. कायदा मात्र त्याचे तुकडे करून पाहतो. रुग्णांवरील उपचार जीएसटीमुक्त आहेत, गाळ्याचे भाडे नाही.

बक्षीसपत्राचेच पाहा. महाराष्ट्रात निवासी घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले वा नातवंडांना दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये. ही सवलत सर्वांना तोंडपाठ असते. ती रुग्णालयाच्या मजल्यांना मिळत नाही, हे दस्त नोंदवायला गेल्यावर कळते. तेथे मुलाला दिले तरी बाजारमूल्याच्या ३ टक्के शुल्क, वर स्थानिक अधिभार. म्हणजे दोन कोटींच्या भागावर सहा लाख. शिवाय बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. उतारवयात अटी न घालता सर्वस्व देऊन टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि ते हयातीत कितीदाही बदलता येते. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते लाभार्थी नसावेत.

प्राप्तिकरातही हाच भेद. रुग्णालयाच्या इमारतीवर दरवर्षी १० टक्के घसारा घेतला जातो, तेव्हा तो गोड वाटतो. पण घसारा घेतलेला भाग विकल्यावर होणारा नफा, इमारत तीस वर्षांची असली तरी, अल्पकालीन मानला जातो. वरच्या घराचा नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीवर निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के यांतील कमी कर भरता येतो. जमिनीला घसारा नसतोच. तरीही अनेकांच्या ताळेबंदात जमीन व इमारत एकाच आकड्यात कोंबलेली असते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या प्राप्तिकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले, हा हिशेब नाही. तेव्हा जमीन, रुग्णालय आणि घर यांची किंमत मूल्यांकनकाराकडून वेगळी करून घेणे, हे पहिले काम.

खरा पेच वारसांचा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू डॉक्टरच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. वीस वर्षे वडिलांसोबत रुग्ण पाहणारा मुलगा एका रात्रीत चौथ्या हिश्श्याचा मालक ठरतो. परगावी असलेल्या बहिणीने वाटा मागितला, तर तिचेही काही चुकत नाही. रुग्णालय एकाला आणि त्या बदल्यात ठेवी, विमा वा ठरावीक रक्कम दुसरीला, ही तजवीज वडीलच करू शकतात. तीही मुलांना समोर बसवून.

नामनिर्देशनावर विसंबणे पुरेसे नाही. ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर यांचे २०१३ मध्ये निधन झाल्यावर शेअर्स व म्युच्युअल फंडांवरून वाद झाला. मृत्युपत्र होते, नामनिर्देशनही होते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही.

आणि एक गोष्ट मृत्युपत्रातही लिहून देता येत नाही. शुश्रूषागृहाची नोंदणी अर्जदाराच्या नावे आणि त्या जागेपुरती असते, दर तीन वर्षांनी नूतनीकरणाची. डॉक्टर गेल्यावर इमारत वारसांची होते. पहिल्या मजल्यावरच्या खाटा चालू ठेवायच्या तर पात्र डॉक्टर शोधून नव्या नावाने अर्ज करावा लागतो, आणि तोवर दाखल रुग्णांना कोठे हलवायचे, हे त्याच दिवशी ठरवावे लागते.