उकडलेल्या अंड्याचा बलक

माझा या जगात फारशा गोष्टींना विरोध नाही. महागाईभत्ता उशिरा मिळाला तरी मी मोर्चात मागच्या रांगेत असतो. पण फायटर माशाच्या पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चारा, असे सांगणारा इसम भेटला की माझे डोके फिरते. आणि तो कुठेही भेटतो. काउंटरवर पासबुक सरकवता सरकवता म्हणतो, "अहो, चिमूटभर बलक टाका हो, पोरं कशी गुटगुटीत होतात बघा!"

पोरे गुटगुटीत होत नाहीत. पाणी दुधट होते, न खाल्लेला बलक तळाशी सडतो, त्याचा अमोनिया होतो आणि दोन दिवसांत निम्मी टाकी रिकामी. त्यावर इसमाचे ठरलेले उत्तर, "नाजूक जात हो, जगत नाही."

नाजूक? थायलंडच्या भातखाचरांतली जात ही! त्या देशाने २०१९ साली तिला राष्ट्रीय जलचर केले, ते काय नाजूकपणाबद्दल? बाप तोंडाने बुडबुड्यांचे घरटे बांधतो, खाली पडलेले अंडे उचलून पुन्हा वर चिकटवतो. (अंडी घालून झाली की आईला मात्र ताबडतोब हलवावे लागते, नाहीतर तोच तिला फाडतो. आदर्श संसार म्हणून मी हे सांगत नाही.) दीड-दोन दिवसांत पिल्ले निघतात, पुढचे दोन-तीन दिवस घरट्याला लोंबकळत पोटातल्या शिदोरीवर भागवतात. ती आडवी पोहू लागली की बापाचीही बदली. इथवर अंडे उकडणाऱ्याची कुणालाही गरज पडलेली नाही.

नंतरही नाही. या पिल्लांना हलणारेच खाणे दिसते. आधी पाण्यातले सूक्ष्म जीव, मग मायक्रोवर्म, मग आर्टेमियाची ताजी पिल्ले. ती खाल्ली की पोटे नारिंगी दिसतात. जेवण झाल्याची याहून चोख पावती आमच्या बँकेतही मिळत नाही. थोडे द्यावे, पण दिवसातून तीन-चारदा.

दुसरा इसम रविवारवाला. आठवडाभर टाकीकडे ढुंकून पाहायचे नाही आणि रविवारी सगळे पाणी उपसून नळाचे थंडगार, क्लोरीनचे पाणी ओतायचे! अहो, अमोनियाचे चक्रवाढ व्याज रोज चढते, हप्ताही रोजच भरायला हवा. बारीक नळीने तळची घाण ओढावी, तेवढेच शिळवलेले, त्याच ऊबेचे पाणी हळू सोडावे. सत्तावीस-अठ्ठावीस अंश ठीक. फिल्टर स्पंजचा आणि मंद, नाहीतर पिल्लेच ओढली जातात.

तिसरा इसम "जरा हवा लागू दे" म्हणून झाकण काढतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ही पिल्ले वर येऊन हवा गिळायला लागतात. ती हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी. झाकण त्यासाठी असते, धुळीसाठी नव्हे!

दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांचे पंख कुरतडू लागतात. मग दर डोई वेगळी बरणी. आमच्या हिने लोणच्याच्या बरण्या आत्ताच कपाटात घालून किल्ली कमरेला लावली आहे.