दप्तरखान्याचे नवे वाचक

जळगावच्या जैन इरिगेशन कंपनीने आपला परदेशातील सिंचन-व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले आणि मार्च २०२३ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. रिव्हुलिसची मालकी सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीकडे होती. एकत्रित कंपनीत जैनांकडे सुमारे २२ टक्के हिस्सा राहिला. वृत्तपत्रांनी या घटनेचे वाचन कर्ज आणि समभाग या दोनच शब्दांत केले. ते चूक नव्हते. कर्जाचा भार हलका करणे हा त्यामागचा प्रमुख हेतू होताच. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला अशा व्यवहारात आणखी एक गोष्ट दिसायला हवी. कंपनी हस्तांतरित होण्यापूर्वी ती वाचली जाते, आणि हे वाचन कोण, कोठे व कोणत्या अटींवर करतो हा आपल्याही आस्थेचा विषय आहे.

अलीकडे अशा मोठ्या व्यवहारांत कागदपत्रे ‘व्हर्च्युअल डेटा रूम’ नावाच्या संगणकीय दालनात ठेवण्याचा प्रघात आहे. पूर्वी हे दालन खरोखरीचे असे : वकिलाच्या कचेरीतील एक खोली, कपाटभर फायली, दाराशी बसलेला कारकून, आणि प्रती काढण्यास मनाई. आता खोली गेली, मनाई राहिली. स्थापनेची कागदपत्रे, कर्जाचे करार, जमिनींचे उतारे, पेटंटे, कामगारांच्या सेवाशर्ती, कोर्टातले दावे हे सारे क्रमांकित अनुक्रमणिकेत लावलेले असते. खरेदीदाराचे वकील आणि हिशेबतपासनीस गुप्ततेच्या करारावर सही करून आत येतात. कोणाला कोणता कप्पा उघडता यावा हे आधीच ठरते. प्रत्येक पानावर वाचणाऱ्याचे नाव आणि वेळ पुसटशी उमटलेली असते. काही ओळी काळ्या केलेल्या असतात.

वाचककेंद्री समीक्षेची चर्चा आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळ झाली. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो, हे इझरचे म्हणणे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. डेटा रूममधला वाचक मात्र त्या जागा भरत नाही. त्या शोधण्याचे त्याला पैसे मिळतात. कराराला जोडलेले परिशिष्ट कोठे आहे? मुदत संपलेल्या भाडेपट्ट्याचे नूतनीकरण का दिसत नाही? असे प्रश्न तो लेखी विचारतो आणि विक्रेत्याला लेखी उत्तर द्यावे लागते. (कादंबरीकाराला ही शिक्षा अद्याप कोणी दिलेली नाही.) दुसरीकडे, कोणते पान कोणी किती वेळा उघडले याची नोंद सॉफ्टवेअर ठेवते आणि तिच्यावरून विक्रेत्याचे सल्लागार खरेदीदाराचे मन कोठे अडले आहे हे ताडतात. वाचक संहिता वाचतो तेव्हा संहिता वाचकाला वाचत असते, हे वाक्य आपण अलंकारिक अर्थाने वापरत आलो. येथे ते अक्षरशः खरे झाले आहे. करारात तसे कलम असेल तर दालनात ठेवलेला प्रत्येक कागद खरेदीदाराला सांगितला असेच धरले जाते. न वाचलेल्या पानाचा भुर्दंडही मग वाचकाच्याच माथी.

या काटेकोर वाचनाविषयी मला आदर आहे. तरीही ते अपुरे आहे असे माझे मत आहे. १९७८ मध्ये भवरलाल जैन यांनी जळगावात चौदा वर्षांची, डबघाईला आलेली केळीपावडरची फॅक्टरी सुमारे ३० लाख रुपयांना घेतली आणि तिच्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. त्या फॅक्टरीची अनुक्रमणिका कितीही कसून लावली असती तरी तिच्यात पपईचा कप्पा निघाला नसता. खानदेशात हे नवल नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी त्यांच्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली नसती, तर १९५२ चा तो संग्रह निघाला नसता. जे कागदावर आलेले नाही ते नाहीच असे मानणारे वाचन या प्रांतात फार जपून करावे लागते.

पण जे कागदावर आहे त्याचे पुढे काय होते, हा मला अधिक जाचणारा प्रश्न आहे. व्यवहार पुरा झाला की दालन बंद होते. त्याची एक सांकेतिक प्रत उभय पक्षांच्या वकिलांकडे पुढील तंट्यासाठी पुरावा म्हणून राहते. म्हणजे एखाद्या कंपनीचे सर्वांत व्यवस्थित लावलेले दप्तर थोडे महिने काही मोजक्या लोकांनी वाचायचे आणि मग कोणीच वाचायचे नाही. शेजारच्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस विश्वनाथ काशिनाथ राजवाडे वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यांना काढता आले, कारण जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत, रुमालांत बांधलेले कागद टिकून होते. वाळवीने खाल्ले ते गेले, पण उरलेल्यांना परवलीचा शब्द नव्हता. ठिबकच्या नळीने खानदेशातली केळीची शेती कशी बदलली, हे उद्या कोणी लिहू म्हणेल तर त्याने कोणाचा माळा धुंडाळायचा?

म्हणून माझी सूचना अशी आहे : प्रांताच्या जीवनाशी जोडलेल्या कंपनीची मालकी बदलते तेव्हा त्या दालनाची एक प्रत, तीस वर्षे न उघडण्याच्या अटीवर, धुळ्याच्या मंडळासारख्या संस्थेकडे किंवा जळगावच्या विद्यापीठाकडे ठेवली जावी. व्यापारी गुपितांचा आक्षेप येईल. तीस वर्षांत बहुतेक गुपिते शिळी होतात. कामगारांच्या खाजगी माहितीचा आक्षेप अधिक खरा आहे. त्या नावांवर काळी रेघ ओढावी लागेल आणि ते काम कंपनीच्या वकिलाने नव्हे, तर अभिलेखपालाने करावे. राजवाड्यांना मोडी येत होती म्हणून ते रुमाल बोलले. तीस वर्षांनी या प्रती उघडणारे सॉफ्टवेअर कोणाकडे असेल आणि किल्ली कोणाच्या स्वाधीन राहील, हे मात्र ठेवीच्या करारातच लिहून घ्यावे लागेल.