पत्रे परक्यांची, पाषाण आपले

यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डी येथे २०२१ मध्ये रस्त्याचे खोदकाम चालू असता काळ्या पाषाणाचे षट्कोनी खांब उघडे पडले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून आकुंचन पावला, त्याच्या या भेगा. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. परंतु खांबांच्या वर-खाली कोणते थर होते, खोदताना आणखी काय निघाले, याची नोंद करून ती जाणकाराकडे धाडण्याची रीत आपल्या तालुक्यांत रुजलेली नाही.

दीडशे वर्षांपूर्वी याच भूभागात ती रीत होती. पाळणारे मात्र परके होते. मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक जॉन मॅल्कमसन यांनी नागपूर-हैदराबाद मार्गावर बेसाल्टमधील गोड्या पाण्याच्या शिंपल्यांचे जीवाश्म टिपले. त्यांचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे १८३७ मध्ये वाचला गेला. दोनच वर्षांनी ते चार्ल्स डार्विन यांच्याशी पत्रव्यवहार करीत होते.

त्यानंतरचे नाव स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये नागपुरास आला तो धर्मप्रसारासाठी. त्या उद्दिष्टाविषयी हिंदू समाजाचे मत स्पष्ट आहे आणि ते बदलण्याचे कारण नाही. तथापि, प्रतिपक्षाचा अभ्यास पारखून घेण्यात कमीपणा कसला? नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. तोवर दगडांच्या पेट्या रस्त्याने बंदरावर आणि तेथून जहाजाने विलायतेला जात. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथे सापडलेली उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांच्या हाती पडली. १८५५ मध्ये तिचे 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' हे नाव जगापुढे आले. अश्मीभूत कीटक अँड्र्यू मरे यांनी तपासले, वनस्पती चार्ल्स बनबरी यांनी. शिंपल्यांच्या थराखालील बेसाल्ट नंतर घुसला असावा, असा हिस्लॉप यांचा तर्क होता. तो चुकला. पण गाव आणि थरांचा क्रम लिहिलेला असल्यामुळेच पुढच्यांना तो तपासता आला.

त्या निबंधांवर नावे हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांची. दगड फोडणारे, गाड्या हाकणारे, जागा दाखविणारे हात इथलेच असणार. मजेची गोष्ट अशी की, गोंडांचे नाव जगाच्या भूविज्ञानात चढले ते 'गोंडवाना' या संज्ञेमुळे. वणीचा कोळसा त्याच शैलसमूहातला.

डार्विन यांची सुमारे १५,००० पत्रे संपादित करण्याचे काम केंब्रिजमध्ये १९७४ पासून पिढ्यान् पिढ्या चालले आणि २०२२ मध्ये ती सर्वांना खुली झाली. आपल्याकडे निवृत्त शिक्षकाने जमविलेले दगड, पक्ष्यांच्या नोंदींच्या वह्या त्याच्या तेराव्यानंतर रद्दीत जातात. शासनाला दोष देणे सोपे. पण या वह्या मागून घेऊन जपण्यासाठी एखाद्या वाचनालयाचे कपाट पुरे आणि ते शासनाच्या आदेशाची वाट पाहत नाही.

हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना बुडाले. गोंडांविषयीचे त्यांचे कागद, त्यांत प्रधान कथेकऱ्याकडून उतरवून घेतलेले लिंगोचे गीत, रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. ते गीत ज्यांचे, त्यांची वस्ती आजही पांढरकवडा, केळापूर, झरी जामणीत आहे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी जे उरले आहे, ते अजून लिहून घेता येईल.