आकडा आहे, पण कुठल्या बांधावरचा?



परवा कपाट आवरताना एकाच गटाच्या दोन जमीन आरोग्य पत्रिका हाती लागल्या. एकीत सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, दुसरीत ०.७१. दोन वर्षांत कर्ब एवढा वाढत नसतो हो! खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिला नमुना बांधापलीकडच्या रानातला होता. २०१५ साली योजना आली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना, असाच हिशोब होता. ठीक आहे. पण 'हा नमुना तुमच्या गटातला नाही' एवढी एक ओळ पत्रिकेवर का नसावी? त्या ०.३८ वर विसंबून मी दोन हंगाम युरिया वाढवून टाकला.

आता म्हणतात सगळं ऑनलाइन झालं. झालंय की! पाऊस महावेधवर, पाणीपातळी भूजल यंत्रणेकडे, पीक ई-पीक पाहणीत, माती आणखी चौथीकडे. पाऊस मंडळाचा, पातळी निरीक्षण विहिरीची, पीक गटाचं. एकाला दुसरं लावायचं कसं? फळपीक विमा तर मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. ते यंत्र माझ्या बागेपासून किती लांब, हे मला एका जागी दिसायला नको?

साहेब लोक म्हणतात, शेतकऱ्याला एवढं कळून काय करायचंय, सल्ला दिला की झालं. सल्ला चुकला तर खताचे पैसे कोणाचे जातात?

मागणी साधी आहे. नवीन ॲप नको. प्रत्येक नोंदीला गावाचा कोड, अक्षांश-रेखांश, तारीख, कशानं मोजलं आणि कुठल्या एककात, एवढं चिकटवा. मग चारही खात्यांची माहिती एका सूचीत आपोआप बसते. मातीला नमुन्याची खोलीही लिहा.

आणि आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. 'विहिरीला तीन परस पाणी आहे' म्हणतो. कधी मोजलं? वरून किती खाली होतं? कठड्यापासून की जमिनीपासून? सरकारी पातळी जमिनीपासून, मीटरमध्ये असते. कठडा तीन फुटांचा असेल तर जवळपास एक मीटरचा फरक तिथंच पडला.

या महिन्यापासून मी वहीत तारीख, गट नंबर आणि जमिनीपासूनची पातळी लिहितोय. तुम्हीही लिहा. आपली नोंद पक्की असेल तरच त्यांची कच्ची नोंद तोंडावर दाखवता येईल.