चूक दाखवणारा आपलाच असतो

ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाशिकला कॉम्प्युटरचं शिकतो. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन गप्पच बसला होता. विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, एका ओपन सोर्स प्रकल्पाला मी वीस ओळींचा कोड पाठवला होता. सात शेरे मारून परत आला. आता पुन्हा पाठवणार नाही."

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो आणि सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. एकाने बदल सुचवायचा, इतरांनी तो ओळीओळीने तपासायचा आणि मगच स्वीकारायचा, ही तिथली रीत. त्या तपासणीला कोड रिव्ह्यू म्हणतात.

मी म्हटलं, "बेटा, सात शेरे लिहायला कुणीतरी आपला वेळ दिला. बारकाईने पाहणारे कमी पडले की काय होतं, ते ऐक."

इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं ओपनएसएसएल जगभरच्या सर्व्हरवर चालतं. डिसेंबर २०११ मध्ये त्यात एक नवी सोय घातली गेली. समोरचा 'माझा मजकूर इतका लांब आहे' असं सांगे आणि कोड त्यावर विश्वास ठेवी. खरी लांबी तपासायचं राहून गेलं. त्यामुळे सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्डसुद्धा बाहेर पडू शकत होते. चूक लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटली आणि तपासणाऱ्याच्याही. मार्च २०१२ मध्ये ती सर्वत्र पोहोचली आणि 'हार्टब्लीड' या नावाने जगाला कळली एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षं कोड सर्वांसाठी उघडाच होता. नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही, आत येऊन पाहणारेही हवेत.

आपल्या उर्दूला ही रीत नवी नाही. तरुण इक्बाल आपल्या गझला टपालाने दाग देहलवींकडे इस्लाहसाठी पाठवत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे. त्यात विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणं साइलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवून पाठवतात. तिथे ती तपासली जातात आणि मग सर्वांसाठी खुली होतात. अशा कामात सटाण्यातली मुलगीही घरबसल्या हात घालू शकते.

मात्र नवख्यांना टिकवायचं तर तपासणाऱ्याची जीभ गोड हवी. माझ्या वर्गात मुलं वह्या बदलून तपासतात. नियम दोनच: बोट उत्तरावर ठेवायचं, मुलावर नाही, आणि 'हे चुकलं' म्हणण्याआधी 'ही पायरी कशी आली?' असं विचारायचं. कच्चं मूलसुद्धा हा प्रश्न विचारू शकतं, आणि कधीकधी हुशार मुलाची चूक त्यातूनच सापडते. कोडचंही तसंच आहे. न समजलेल्या ओळीबद्दल विचारणं हीसुद्धा तपासणीच.

परवा त्या मुलाचा फोन आला. सहा शेऱ्यांप्रमाणे त्याने दुरुस्ती केली होती. सातवा मात्र त्याला पटला नाही, म्हणून त्याने अदबीने कारण विचारलं. तपासणाऱ्याने पुन्हा पाहिलं आणि उत्तर दिलं, "तुमचंच बरोबर आहे."

पालकहो, मुलाची वही लाल शाईने भरून आली तर रागवू नका. एवढंच विचारा, "यातला कोणता शेरा तुला पटला नाही, आणि का?"